हॅम कुणाच्या दारी

नाही, तुम्हीच सांगा आता. तुम्ही तिऱ्हाईत माणसं, आमच्या अ‍ॅशबीत तुमचं ना घर ना दार, ना कुणाशी सोयरिक, ना कुणाशी वैर, म्हणून तुम्हालाच विचारते, तो हॅम कुणाच्या घरी जायला हवा होता? जिनं बत्तीस वर्षं त्या माणसाचा संसार केला, त्याच्या आईचं दुखणं काढलं, त्याच्या कुत्र्यांची बाळंतपणं केली, तिच्या घरी? की तीन वर्षांपूर्वी जी मेंफिसहून उपटली, तिच्या घरी? मेला. म्हणजे शिवी नाही हो देत, खरोखरच मेला, मंगळवारी, क्लबच्या गोल्फच्या मैदानावर, चार मित्रांच्या देखत, हातात काठी घेऊन. जाताना तरी माणूस घरात जातो, पण हॉलिस प्रुइटला आयुष्यभर सगळं चारचौघांतच करायची हौस. मला सोडून चाललोय हेही त्यानं मला क्लबच्या जेवणातच सांगितलं होतं, सूप आणि माशाच्या मध्ये, म्हणजे मी आरडाओरडा करणार नाही. आणि केला नाही हो मी. मासा संपवला आणि घरी आले.

तर हॅम. तुम्हाला सांगते, आमच्या अ‍ॅशबीत माणूस गेल्यावर डॉक्टर यायच्या आधी बटाट्याचं सॅलड येतं. मग कोंबडी येते, मग भरलेली अंडी, मग ओपल बस्बीची टोमॅटोची जेली येते, जी आजवर कुणी खाल्लेली नाही, पण ती आली नाही तर माणूस नीट गेल्यासारखं वाटत नाही. आणि या सगळ्यांच्या वर, सगळ्यांत मानाचा, लोटी पर्लचा हॅम. डुकराची अख्खी मांडी, वरून साखर, शंकरपाळ्यासारख्या रेघा मारून प्रत्येक चौकटीत एक लवंग. लोटी पर्ल म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि गावचं वर्तमानपत्र. ती एक हॅम कायम बर्फात ठेवून असते. मी एकदा विचारलं, "अगं, कुणासाठी?" तर म्हणते, "कुणीतरी असतंच गं." मागच्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा ही माझ्या पायथ्याशी येऊन बसली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मला कळलं, बाईनं हॅम बर्फातून काढून ठेवलाय. मी बरी झाले तर चक्क हिरमुसली.

आणि ताटल्यांचं शास्त्र वेगळंच. प्रत्येकीनं आपल्या ताटलीच्या बुडाला पट्टी चिकटवून नाव लिहायचं, दुःखाच्या घरी नेऊन द्यायची, आणि त्या घरानं पुढं महिनाभरात ती ताटली घरपोच करायची. रिकामी नाही हं. रिकामी ताटली परत केली तर तुमच्या आईनं तुम्हाला काही शिकवलंच नाही असा त्याचा अर्थ, आणि ते तुमच्या तोंडावर कुणी बोलणार नाही, तुमच्या पाठीमागं पण "देव तिचं भलं करो" असं आधी म्हणूनच बोलतील. आमच्याकडे एवढं एक वाक्य आधी लावलं की पुढं काहीही चालतं. "देव तिचं भलं करो, चेहरा अगदी तिच्या घोड्यावर गेलाय." झालं, पाप नाही लागत.

आता मला सांगा, हे सगळं कशासाठी असतं? बाईचा नवरा गेला, घर रिकामं झालं, चूल पेटवायची तिला शुद्ध नाही, म्हणून ना? मग माझं घर रिकामं झालं तेव्हा काय झालं होतं? हॉलिस दाताला टोपण बसवायला मेंफिसला गेला आणि तिथल्या दातवाल्याच्या मदतनीस बाईवर जीव लावून बसला. जॅनिस तिचं नाव. ओहायोची. उत्तरेची, आणि आम्हा दक्षिणेतल्यांना उत्तरेच्या लोकांचं वावडं, म्हणजे बघा, दात तर गेलाच आणि वर हे. आठवड्यातून एक दात, असं करत करत त्यानं अख्खी बत्तिशी करून घेतली आणि मग बत्तीस वर्षांचा संसार सोडून गेला. त्या रात्री मी काय केलं माहितेय? जेवणाचं टेबल आवरलं. खोटं नाही सांगत. म्हटलं, उद्या सकाळी बायका येतील, ठेवायला जागा हवी.

कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. बटाट्याचा एक तुकडा नाही. वाण्याच्या दुकानात मला बघितलं की बायका साबणाच्या रांगेत वळायच्या, इतका साबण त्या वर्षी अ‍ॅशबीत खपला की बस. समोरासमोर आलीच एखादी, तर "अय्या गसी, किती छान दिसतेस, बारीक झालीस" म्हणायची. बारीक होईन नाहीतर काय, कुणी खायला आणलं होतं? नवरा मेला तर हॅम येतो, नवरा पळाला तर कुत्रंसुद्धा येत नाही. मी काय सांगू तुम्हाला, विधवा होणं ही आमच्याकडे किती प्रतिष्ठेची गोष्ट आहे ते मला तेव्हा कळलं.

आणि ही लोटी पर्ल. हिचा ड्रेटन गेला तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी कोण होती? मी. आलेल्या ताटल्या कुणी लावल्या, कुणाची कोंबडी आतून कच्ची होती ती कुणी गुपचूप कुत्र्याला घातली, ड्रेटनची ती कापसाच्या गिरणीतली बाहेरची मैत्रीण भेटायला आली तेव्हा तिला मागच्या दारानं कॉफी देऊन कुणी वाटेला लावली? मीच ना? मग तीन वर्षांपूर्वी मी तिला एकदा सरळ विचारलं, म्हटलं, "लोटी, हॅम नाही आणलास गं." तर बाई खरोखर गोंधळली. म्हणाली, "अगं पण गसी, तो जिवंत आहे." जणू मला सोडून गेला त्यापेक्षा जिवंत आहे हा त्याचा मोठा गुन्हा.

तर मंगळवारी फोन. लोटी पर्लचाच. "गसी, बसली आहेस ना?" मी उभी होते, म्हटलं, बसलेय. "हॉलिस गेला गं." मग फोन तसाच धरून ठेवला. ती माझं रडू ऐकायला कान लावून बसली होती, गावात सांगायला नको का, रडली की नाही रडली. मी श्वाससुद्धा जपून घेतला. मग म्हणाली, "काही लागलं तर सांग हं." फोन ठेवला, आणि मग मी रडले. पाच मिनिटं, ओट्याला धरून. बत्तीस वर्षं हो. त्याच्या घोरण्यावरून मला त्याचा रक्तदाब कळायचा. सोडून गेला म्हणून कळणं थोडंच जातं?

मग डोळे पुसले आणि कामाला लागले. कारण बघा, मला वाटलं, आता तर जमलं. आता तो जिवंत नाही. लोटीची अडचण संपली. आता तरी कळेल गावाला, कोण त्याची खरी बायको होती. मी फ्रीज रिकामा केला, होतं नव्हतं ते टाकून दिलं, सासूबाईंचे चांदीचे काटेचमचे काढून घासले, टेबलाची मधली फळी जोडली, ती जोडायला दोन माणसं लागतात, मी एकटीनं जोडली, बोट चेमटलं. निळा झगा घातला. काळा नाही, काळा घातला असता तर म्हणाल्या असत्या, "देव तिचं भलं करो, अजून स्वतःला बायको समजते." पिवळा घातला असता तर म्हणाल्या असत्या, सुटली म्हणून नटली. निळ्यावर काही बोलता येत नाही. मोठ्या भांड्यात चाळीस माणसांची कॉफी केली आणि पुढच्या खोलीत पडद्याशी बसले.

आता आमच्या गावाची रचना अशी आहे, आणि यात माझं नशीबच बघा, की हॉलिसनं त्या दातवालीसाठी तळ्याकाठी नवं घर बांधलं, आणि तळ्याकडे जायचा रस्ता एकच. माझ्या दारावरून.

पहिली आली ओपल बस्बीची गाडी. माझ्या फाटकाशी हळू झाली. मी उठले. झगा सारखा केला. बघते तर बाई स्वतः गाडी चालवतेय आणि शेजारच्या सीटवर, लहान मुलाला बांधावं तशी पट्ट्यानं बांधून टोमॅटोची जेली बसवलेली, थरथर थरथर करत. ओपलनं माझ्याकडे बघून हात हलवला. प्रेमानं हं. आणि गेली पुढं, तळ्याकडे. मग धर्मगुरूंची बायको. मग क्लबच्या अध्यक्षीणबाई, यांच्या गाडीतून कोंबडीचा वास माझ्या खिडकीपर्यंत आला. मग एकामागोमाग एक, सगळा गाव, माझ्या दाराशी हळू होतोय, हात हलवतोय, आणि पुढं जातोय, माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नवऱ्याच्या मयताची वरात. आणि सगळ्यात शेवटी लोटी पर्ल. मांडीवर हॅम. तिनं हातसुद्धा हलवला नाही, कारण दोन्ही हात हॅमवर, गाडी तिची वहिनी चालवत होती. पण मान मात्र दुसऱ्या बाजूला फिरवली, बाहेर जणू काही नवीनच झाड उगवलंय.

कळलं ना तुम्हाला? या त्याच बायका बरं का. तीन वर्षं जिला नावानं हाक मारली नाही, "ती दातवाली" म्हणत आल्या, जिला बागमंडळात घेतलं नाही, जिच्या हातचा चहा प्यायला नाही. तीन वर्षं हे माझ्यासाठीच चाललंय म्हणून मी मनातल्या मनात त्यांना धन्यवाद देत होते. माझ्यासाठी कसलं डोंबल. कुणाला ती आवडत नव्हती एवढंच, आणि मी आवडत होते असं त्यातून मीच काढलं. आणि खरी गोष्ट सांगू? ते नवं घर आतून कुणी बघितलेलं नव्हतं. तीन वर्षं गाव तळमळत होतं, की त्या स्वयंपाकघरात काय आहे. आणि आता नवरा मेला, हॅम हातात घ्यायचा, सरळ आत शिरायचं. हॅम म्हणजे तिकीट हो.

संध्याकाळी लोटीचा फोन आला, सांगितल्याशिवाय तिला जेवण गेलं नसतं. "गसी, तुला म्हणून सांगते. तिच्याकडे कापडी रुमाल नाहीत, कागदी आहेत. देव तिचं भलं करो. आणि चांदी म्हणशील तर सहा माणसांची. सहा. सातवा आला तर काय हातानं जेवणार?" मी म्हटलं, "लोटी, हॅम कसा झाला होता?" तर म्हणाली, "गसी, नियम तर नियम आहे ना गं. विधवेच्या घरी जातो." मी म्हटलं, "मग मी कोण?" आणि तुम्हाला सांगते, त्या बाईनं मनापासून विचार केला. फोनवर मला तिचा विचार ऐकू येत होता. म्हणाली, "तुझ्यासाठी तसा शब्द नाहीये गं."

चाळीस माणसांची कॉफी मी मोरीत ओतली. बराच वेळ लागतो चाळीस माणसांची कॉफी ओतायला.

चर्चमध्ये मला सहाव्या रांगेत बसवलं, त्याच्या ओळखीच्या कापूस-दलालांच्या मागं. पहिल्या रांगेत ती, एकटी. एक गोष्ट मात्र मी बघितली, तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. तीन दिवस तिच्या घरात गाव खाऊन-पिऊन आलं, कपाटं उघडून आलं, आणि शेजारी बसायला कुणी नाही. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग शनिवारी दुपारी माझ्या पुढच्या दाराची घंटा वाजली. पुढच्या दारानं आमच्याकडे फक्त धर्मगुरू आणि विमावाले येतात, ओळखीचं माणूस मागच्या दारानं येतं. उघडते तर ती. नाक लाल, केस कसेतरी बांधलेले, आणि मागं तिची लांबलचक गाडी, मागचं दार उघडं, आत काठोकाठ ताटल्या. मला म्हणते, "मिसेस प्रुइट?" मी म्हटलं, "ती तूच ना आता."

मग भडाभडा बोलायला लागली, ते उत्तरेचे लोक कसे, मध्ये श्वासच घेत नाहीत. "माझं चुकलं हो, मला माहीत नव्हतं, सगळं खाणं मी डब्यांत काढलं आणि ताटल्या गरम पाण्यात भिजत घातल्या, खाली त्या चिकट पट्ट्या होत्या, मला वाटलं किमतीच्या आहेत, मी घासून काढून टाकल्या सगळ्या, आणि आता बायकांचे फोन येतायत, माझी ताटली, माझी ताटली, आणि मला एकही ओळखता येत नाही." मी म्हटलं, "मग मी काय करू?" तर म्हणाली, "हॉलिस म्हणायचा, गसीचे डोळे बांधा, नुसती चाचपून सांगेल गावातली कुठली ताटली कुणाची."

असं म्हणायचा होय. मला कधी म्हणाला नाही. बत्तीस वर्षांत मला म्हणाला नाही, तिला सांगितलं.

काय करणार. आण म्हटलं आत. आणि त्या बाईनं माझ्या त्या टेबलावर, जे मी एकटीनं बोट चेमटून लांब केलं होतं, त्यावर गावच्या सगळ्या ताटल्या आणून मांडल्या. रिकाम्या. बघा हं, आल्या शेवटी. सगळ्या आल्या माझ्या टेबलावर. फक्त आत काही नव्हतं.

मी चष्मा लावला आणि सुरू केलं. ही कोपऱ्याला टवका गेलेली लोटी पर्लची, ड्रेटनच्या वेळी मीच आपटली होती. ही धर्मगुरूंच्या बायकोची, आधीच्या धर्मगुरूंच्या बायकोकडून ढापलेली. ही ओपलची, हिच्यात जेलीचा वास मुरलाय, कितीही धू. ती पोरगी, पोरगी कसली, पंचेचाळिशीची बाई, पेन घेऊन नव्या पट्ट्या लावत होती. मी म्हटलं, "आणि रिकाम्या द्यायच्या नाहीत. प्रत्येकीत काहीतरी घालून द्यायचं." ती मटकन खाली बसली. म्हणाली, "मला तर काहीच येत नाही. मला तो सारखा म्हणायचा, गसीसारखी भरलेली अंडी कर. मी तीनदा केली. तीनदा त्यानं नुसता सुस्कारा सोडला." मी म्हटलं, "मग राहायचं होतं त्यानं, अंड्यांसाठी तरी." आणि तुम्हाला सांगते, ती हसली. रडता रडता हसली, मेली. मलाही हसू आलं, पण मी ते गिळलं. एवढंही स्वस्त नाही माझं.

जाताना दारात घुटमळली. म्हणाली, "सगळ्या येतात, कपाटं बघतात आणि जातात. बसलं कुणीच नाही हो. असंच असतं का इथं?" मी म्हटलं, "नवरा मेला तर हॅम येतो. बसायला कुणी येत नाही. तुला हॅम तरी आला." तिनं माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे गेली आणि काहीतरी झाकलेलं घेऊन आली. "चार आले होते," म्हणाली. "मला तर डुकराचं बघवत नाही. हा तुम्ही ठेवा, प्लीज." माझ्या हातात दिला आणि निघून गेली.

झाकण काढायच्या आधीच मी ओळखलं. शंकरपाळ्याच्या रेघा, चौकटीत लवंगा. लोटी पर्लचा हॅम. चार दिवस उशिरा, तळ्याला वळसा घालून, सवतीच्या हातून, पण आला. मी बसलेसुद्धा नाही, ओट्याशी उभ्यानं हातानं तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. तीन वर्षं वाट बघितली होती हो मी. आणि काय सांगू तुम्हाला, कोरडा ठणठणीत. घशाखाली उतरेना. मग आठवलं, लोटीचा हॅम कायमच कोरडा असतो, दुःखात असतात म्हणून लोक खातात.

तरी खाल्ला. आज सकाळी संपवला. संपवला आणि बघते तर खाली ताटली. लोटीची नाही, लोटीची तर पट्टी लावून गेली. ही पांढरी, काठाला निळी फुलं, ओहायोची. बुडाशी नवी कोरी पट्टी, तिनं माझ्यासमोरच शिकून लावलेली: मिसेस हॉलिस प्रुइट.

आता झाली का पंचाईत? माझा नवरा नेला तिनं, तो काही परत केला नाही, ना भरलेला, ना रिकामा. पण ताटली तिची माझ्याकडे आहे, आणि माझ्या आईनं मला शिकवलंय. करते काय मग. अंडी उकडायला ठेवलीत.